सिंधूची जबानी

‘एकच प्याला’च्या अखेरीस फौजदार येतो. घरात मूल गेलेलं आहे, सिंधू मरणाच्या दारात आहे आणि ज्याच्या हातून हे घडलं तो सुधाकरही तिथेच आहे. काय झालं, असं विचारल्यावर सिंधू नवऱ्याचं नाव घेत नाही. सगळं आपल्याच पडण्यामुळे झालं, अशी जबानी देऊन ती प्राण सोडते. गंधर्व नाटक मंडळीने १९१९ मध्ये हे नाटक बडोद्याला रंगभूमीवर आणलं आणि तेव्हापासून या क्षणाला प्रेक्षक रडत आले आहेत. पातिव्रत्याची परिसीमा म्हणून या प्रसंगाचं कौतुक झालं, पुढे त्याच कारणासाठी त्यावर टीकाही झाली. दोन्ही बाजूंनी सिंधूकडे एक आदर्श म्हणूनच पाहिलं. एकीला तो आदर्श पटला, दुसरीला पटला नाही. मला ही जबानी जबानी म्हणूनच वाचायची आहे. ती कुणासमोर दिली गेली, कोण जवळ उभं होतं, खरं बोलल्यावर पुढे काय होईल असं बोलणारीला वाटत होतं, हे प्रश्न तिला विचारून पाहायचे आहेत. कारण पायरीवरून घसरले, न्हाणीत पाय सरकला, स्टोव्ह भडकला, अशी जबानी आजही सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर नोंदवली जाते, आणि नोंदवणाऱ्यालाही ती खरी वाटत नाही.

गडकऱ्यांचं निधन २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला झालं. नाटक रंगभूमीवर आलेलं त्यांनी पाहिलं नाही, त्यातली पदंही विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. तरी व्यसनाचं जे ज्ञान या नाटकात आहे ते पूर्णपणे गडकऱ्यांचं आहे आणि ते आजही थक्क करतं. सुधाकर रामलालला मद्यपीच्या तीन अवस्था समजावून सांगतो तो भाग पाहावा. सुरुवातीला दारू सोडता येण्यासारखी असते पण सोडावीशी वाटत नाही, शेवटी सोडावीशी वाटते पण सोडता येत नाही, असा त्या विवेचनाचा गाभा. व्यसनमुक्ती केंद्रातला समुपदेशक आज हेच सांगतो, फक्त इतक्या ठसक्यात सांगत नाही. गडकऱ्यांनी सुधाकराला शपथ घ्यायला लावली, नोकरीसाठी दारोदार पाठवलं, तिथे त्याचा अपमान होऊ दिला आणि मग त्याला परत पेल्याकडे वळवलं. सुटलेलं व्यसन परत का लागतं, याचं इतकं अचूक चित्र मराठी नाटकात त्याआधी नव्हतं. शेजारी भगीरथ ठेवला, जो सावरतो. तळीराम ठेवला, जो मरेपर्यंत हटत नाही आणि आर्यमदिरामंडळाच्या सभांमधून आपल्याला हसवत राहतो. एकाच पेल्याच्या तीन माणसांवरच्या तीन परिणती. नाटककार म्हणून ही मांडणी थोरच आहे.

पण या सगळ्या मांडणीत प्रत्येक जण काम कुणावर करतो आहे, हे मोजून पाहावं. रामलाल सुधाकरावर काम करतो. सिंधूची सेवा, उपास, अश्रू सुधाकरासाठी. नाटकाचं सगळं नैतिक बळ एकाच माणसाला शुद्धीवर आणण्यात खर्ची पडतं. सिंधू आज रात्री सुरक्षित आहे का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. भाऊ पद्माकर तिला माहेरी न्यायला तयार असतो, हे खरं. तेवढी एकच वाट नाटकात दिसते, आणि तीही नवऱ्याला सोडून येण्याच्या अटीवर. म्हणजे सिंधूपुढे पर्याय दोनच. नवरा हवा तर मदत नाही, मदत हवी तर नवरा नाही. ती माहेरच्या मदतीवर पाणी सोडते आणि दळणाचं जातं ओढते. पद्माकराच्या जागी आजचा एखादा कार्यकर्ता ठेवून पाहिलं, तर हा प्रसंग ओळखीचा वाटेल. ‘आधी त्याला सोड, मग आम्ही आहोत’ असं म्हणणाऱ्याकडे बाई दुसऱ्यांदा येत नाही. ती परत नवऱ्याकडे जाते याचा राग धरणारे पुष्कळ आहेत. तिला दिलेली अट किती जड होती, हे पाहणारे थोडे.

नाटकाचं नावच पाहा. गुन्हा कुणी केला? एका प्याल्याने. सुधाकर गुन्हेगार नाही, तो प्याल्याचा पहिला बळी आहे आणि सिंधू दुसरा. ही चौकट एकदा मान्य केली की सिंधूची जबानी अटळ होते. नवऱ्याने मारलंच नाही, दारूने मारलं, तर नवऱ्याचं नाव घ्यायचं कशाला? समीक्षेत सुधाकर खरा शोकनायक आहे की नाही, सनद गेल्याच्या अपमानाने एवढा हुशार वकील कोसळणं पटतं का, यावर पुष्कळ शाई खर्च झाली. हा वादही त्याच चौकटीतला. सुधाकर का पितो याची चर्चा शंभर वर्षं चालली. तो कुणावर हात टाकतो, याची फारशी झालीच नाही.

गंमत अशी की कायदा त्या काळीही एवढा भोळा नव्हता. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं ८५ वं कलम सांगत होतं की नशा माणसाच्या नकळत किंवा मर्जीविरुद्ध चढवली गेली असेल तरच ती बचाव ठरू शकते. आपण होऊन प्यायलेल्याला सर्वसाधारणपणे ही सवलत नव्हती. सुधाकर स्वतः वकील. हे कलम त्याला पाठ असणार. म्हणजे कोर्टात जे कारण टिकलं नसतं, ते घरात, रंगभूमीवर आणि प्रेक्षकांच्या मनात सहज टिकलं. अर्थात सिंधूला कायद्याचा आधार होता असं म्हणता येणार नाही. हिंदू विवाहितेला घटस्फोट नव्हता. मुंबई प्रांतात तो १९४७ च्या कायद्याने आला आणि देशभर १९५५ मध्ये. फौजदारी प्रक्रियेच्या ४८८ व्या कलमाखाली पोटगी मागता येत होती, पण ज्याने घरातलं किडूकमिडूक विकून प्यायलं त्याच्याकडून पोटगी कसली घेणार? सिंधूची अडचण नुसत्या श्रद्धेची नव्हती, हे तिच्यावर टीका करणाऱ्यांनी ध्यानात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

सिंधूचं जातं मला सोलापुरात बसून वेगळं दिसतं. हे गिरण्यांचं गाव. १८७७ मध्ये जुनी गिरणी निघाली, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. विसावं शतक सरता सरता त्यांचे भोंगे थांबले. यंत्रमागावर पुरुषाला काम मिळालं तरी ते भरवशाचं नाही. या सगळ्या पडझडीत हजारो घरं चालली ती बायकांच्या सुपावर. तेंदूची पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून दोरा बांधायचा. हजार विड्यांमागे मजुरी, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापून. सिंधूच्या दळणाचं आणि या सुपाचं नातं उघड आहे. बाईची मिळकत संसार तारण्यासाठी असते आणि तिच्यातूनच पेल्याचेही पैसे निघतात. मिळकतीच्या दिवशी भांडण का होतं, हे विडी कामगार बाईला कुणी समजावून सांगायला नको. पण सिंधूपाशी नव्हतं असं काही या बाईपाशी आहे. तिच्या नावाचं ओळखपत्र आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे. कुंभारीजवळ विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आहे. घर तिचं. तरीही तो पिऊन आला की रात्री मुलं घेऊन बाहेर पडते तीच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने नवऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा आदेश देण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याला दिला आहे. तो कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. वसाहतीतल्या किती जणींना हे ठाऊक असेल?

‘तसा माणूस चांगला आहे हो, फक्त प्यायल्यावर हात उचलतो.’ समुपदेशन केंद्राच्या टेबलावर हे वाक्य येतच असतं. बोलणारी खोटं बोलत नाही. तिला नवरा हवा असतो, मार नको असतो, आणि दोन्ही वेगळं करण्याची जागा तिला बाटलीत सापडते. या वाक्याला उत्तर द्यायचं तर आकड्यांकडे पाहावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ज्यांचे नवरे वारंवार झिंगून घरी येतात अशा बायकांपैकी सुमारे ७० टक्के जणींनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. नवरा अजिबात पीत नाही अशांमध्ये हे प्रमाण सुमारे २३ टक्के. पहिला आकडा सगळे सांगतात, आणि तो सांगायलाच हवा. दारू हिंसा वाढवते, ती अधिक वेळा आणि अधिक जबर करते. पण दुसऱ्या आकड्यावर थांबणारे कमी. शंभरातल्या तेवीस घरांत पेला नाही आणि मार आहे. आणि पहिल्या गटातही तीस घरं अशी, की नवरा झिंगतो पण बायकोने हिंसा सांगितलेली नाही. पेला एकटा मारत असता तर हे दोन्ही आकडे असे आले नसते. गुत्त्यावर मालकाशी नमून वागणारा, रस्त्यात हवालदाराला पाहून सरळ चालणारा माणूस घराची कडी वाजवेपर्यंत हात आवरू शकतो, हे त्याची बायको रोज पाहते. फक्त तिला कुणी त्याबद्दल विचारत नाही.

म्हणून आधार देणाऱ्यांपुढचा प्रश्न अवघड आहे. दारूकडे दुर्लक्ष करून चालत नाही, आणि दारूपाशी थांबूनही चालत नाही. ‘ते व्यसनाचं आहे, आमच्याकडे नाही,’ असं म्हणून बाईला व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता देणं हा एक पळ. तिथे गेल्यावर नवऱ्याच्या उपचारात सहकार्य करा, टोचून बोलू नका, असं तिलाच सांगितलं जातं. म्हणजे रामलालची शिकवणी सिंधूला. आणि ‘आधी दारू सुटू दे, मग मारायचं आपोआप थांबेल’ हा दुसरा पळ. व्यसनाची वाट गडकऱ्यांनी दाखवली तशीच असते. माणूस सोडतो, परत घेतो, पुन्हा सोडतो. बाईची सुरक्षितता या वाटेच्या शेवटी ठेवली तर तिथवर ती जिवंत पोचेलच असं नाही. सिंधू पोचली नाही. त्यातून बराच काळ पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर हात थरथरणं, झटके, भ्रम असं होऊ शकतं. त्यासाठी डॉक्टर लागतो. घरातल्या घरात शपथेवर दारू सोडवायची म्हटलं की ते दिवस बायकोसाठी सर्वांत धोक्याचे ठरू शकतात.

इथे एका जाहिरातीबद्दल सांगितलंच पाहिजे. रुग्णाच्या नकळत दारू सोडवा, असं लिहिलेल्या भिंती महाराष्ट्रात कुठेही दिसतात. नकळत म्हणजे बायकोने भाजीत, चहात पावडर मिसळायची. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर डायसल्फिराम देतात, पण ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने. कारण त्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, जीवही जाऊ शकतो. पुडीत नक्की काय आहे हे विकणाराच जाणे. समजा गुण आला नाही आणि नवऱ्याला कळलं की बायको जेवणात काही घालते, तर त्या रात्री काय होईल? भिंतीवरची ही ओळ नवऱ्याच्या व्यसनाचा सगळा धोका गुपचूप बायकोच्या हातात देते. सिंधूच्या सेवेचं हे आजचं, बाजारू रूप.

कायद्याच्या नियमांत याची जाण कधीकधी अनपेक्षितपणे सापडते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या २००६ च्या नियमांनी समुपदेशकाला बजावलं आहे की हिंसेचं कोणतंही समर्थन प्रतिवादीकडून ऐकून घ्यायचं नाही, आणि ते ऐकलं जाणार नाही हे त्याला आधीच सांगायचं. ‘प्यायलो होतो’ हे समर्थनच आहे. रूक्ष सरकारी भाषेतला हा नियम मला शंभर वर्षांच्या नाट्यसमीक्षेपेक्षा पुढचा वाटतो. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने व्यसनी माणसाच्या बायकोला उपचाराचं साधन न मानता तिच्यासाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट चालवला, त्यामागेही हीच समज असावी: तिचं दुःख नवऱ्याच्या व्यसनाची पुरवणी नव्हे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी विशेष कक्ष उघडला, तोही महत्त्वाचा, कारण तिथे बाईशी बोलायला पोलिसाच्या जोडीने समाजकार्यकर्ती बसली. नवऱ्याला बाहेर ठेवून बाईशी एकटीने बोलायचं, हा या कामातला अगदी पहिला धडा. गडकऱ्यांच्या फौजदाराने सिंधूला विचारलं ते सुधाकराच्या देखत. वेगळं उत्तर येणार तरी कसं?

बायकांनी एकत्र येऊन दारूला तोंड दिलं, तो इतिहासही महाराष्ट्रात मोठा आहे. २००८ च्या आदेशानुसार गावात किंवा प्रभागात मतदान घेता येतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर परवानाधारक दुकान बंद होतं. मतदानाला न आलेली बाई दुकानाच्या बाजूने धरली जाते, इतकी ही अट कडक. एरवी घरात ज्यांना बोलायची चोरी, त्या शेकडो बायका एका दिवशी रांगेत उभ्या राहून दारूबद्दल मत देतात, याचं मोल कमी नाही. पण हातभट्टीला परवाना नसतो, त्यामुळे तिला मतदानही लागू नाही. सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्यावर पिढ्यान्‌पिढ्या भट्ट्या पेटत होत्या. २०२१ मध्ये तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं, ते नुसत्या धाडींवर न थांबता दुसऱ्या रोजगाराकडे वळलं, हे त्याचं वेगळेपण. दारू गाळणाऱ्या घरातही एक बाई असते आणि तिचीही चूल त्या भट्टीवर असते, एवढं तरी त्यातून मान्य झालं. मात्र दुकान बंद होणं आणि घरातला हात थांबणं या दोन गोष्टी एक नव्हेत. दुकान दहा किलोमीटरवर गेलं तर तो उशिरा येतो, एवढंच काही घरांत घडतं.

सिंधूनंतरच्या बायकांनी स्वतः लिहिलं तेव्हा चौकट हलली. त्यातल्या दोघींचं सोलापूर जिल्ह्याशी नातं आहे. शांताबाई कांबळे सांगोला तालुक्यातल्या महूदच्या. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यात संसाराला तडा जातो तो सवतीमुळे. शांताबाई माहेर गाठतात, आणि १९४२ मध्ये मिळालेली शिक्षिकेची नोकरी त्यांना उभं ठेवते. सिंधूने नाकारलेलं माहेर आणि तिला न मिळालेला पगार, दोन्ही इथे आहेत. दुसरी मलिका अमर शेख. वडील शाहीर अमर शेख बार्शीचे. १९८४ च्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या आत्मकथनात दारू आहे, मारहाण आहे, नवऱ्याकडून आलेला आजार आहे, मुलासाठीची ओढाताण आहे, आणि नवरा मोठा कवी, नेता आहे. पुस्तक आलं तेव्हा ज्यांना ते आवडलं नाही त्यांनी थोर माणसाचं घरातलं वागणं चव्हाट्यावर आणल्याचा बोल लावला. मला त्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं, की लिहिणारी दारूला पुढे करून नवऱ्याला मागे लपवत नाही. ती त्याच्यावर प्रेम केल्याचंही लपवत नाही. सिंधूला जे एका वाक्यात झाकावं लागलं, ते मलिकाबाईंनी पुस्तकभर उघडं ठेवलं.

आणखी एक बाई राहिली, जिच्याबद्दल बोलायला आपण अजून अवघडतो. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ची (१९७२) चंपा. हिचा नवरा काढून टाकलेला फौजदार आहे, अट्टल दारुडा. गडकऱ्यांकडे जबानी घेणारा फौजदार तेंडुलकरांकडे स्वतःच तो नवरा होऊन येतो. दोन नाटककारांनी हे ठरवून केलं नसलं तरी मराठी नाटकाने पन्नास वर्षांत काटलेलं अंतर त्यात दिसतं. चंपा नवऱ्याला सोडते, झोडपूनही काढते, आणि सखारामच्या घरात येते. तिथल्या निवाऱ्याची किंमत शरीराने चुकवायची असते. ती शुद्धीवर असताना तिला जमत नाही, म्हणून ती दारू मागते. सेन्सॉरपासून कोर्टापर्यंत या नाटकावर जो गदारोळ झाला त्यात चंपाच्या या मागणीकडे अश्लीलता म्हणून पाहिलं गेलं. ती दारू वेदनाशामक आहे, हे वाचायला आपल्याला वेळ लागला. मार आणि बळजबरी सोसण्यासाठी पिणारी, मिश्री लावणारी, झोपेच्या गोळ्या घेणारी बाई हा आधाराच्या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. सुधाकराच्या पिण्याला आपण शोकांतिका म्हणतो आणि चंपाच्या पिण्याला चारित्र्य. पिणाऱ्या बाईची तक्रार हलकी धरली जाते, मुलांचा ताबा मागताना तिचं पिणं पुढे केलं जातं, आणि निवारा देणाऱ्या संस्थेच्या दारातही पहिला प्रश्न तोच होऊ शकतो. सखाराम अखेरीस चंपाचा गळा दाबून जीव घेतो आणि लक्ष्मी तिला पुरायला मदत करते. त्या घरी कुणी फौजदार येत नाही, आणि चंपाची जबानी कुठेच नोंदवली जात नाही.